बाटली रिकामी आहे

डेपोत त्याला सगळे इंडिकेटर म्हणत. मोकळ्या मैदानात, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, बस जागेवर लावण्यासाठी वळवतानाही तो इंडिकेटर द्यायचा. कुणी विचारलंच, "अरे, दाखवतोस कुणाला?" तर म्हणायचा, "सवय मोडू नये म्हणून." बावीस वर्षांत त्याच्या गाडीला एकच ओरखडा पडला होता. तोही दुसऱ्याने पाडला होता, आणि तसं लिहिलेला साहेबांच्या सहीचा कागद त्याच्या पाकिटात असायचा.

अशा माणसाला जगायला फार काही लागत नाही. समोर रस्ता हवा आणि कडेला पाटी हवी. पन्नाशी उलटल्यानंतरच्या वैद्यकीय तपासणीत नेमकी पाटीच गेली.

त्याचं झालं असं. डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढे सरकवला. तीन महिन्यांची साखरेची सरासरी सात पूर्णांक दोन. डेपोचा नियम सातचा होता. सातच्या वर गेलेला माणूस, ड्रायव्हर असो की कंडक्टर, चालत्या गाडीवर राहू शकत नाही. त्याला तीन महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात आकडा उतरला नाही तर त्याला 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसवतात. ती खिडकी इंडिकेटरने रोज पाहिली होती. आत छत्र्या, एकेका पायातले बूट, एक कवळी, आणि या सगळ्यांच्या मधोमध डेपोतला एक जुना ड्रायव्हर. या चौघांपैकी कुणालाच न्यायला अजून कुणी आलं नव्हतं.

"मग काय करू, डॉक्टर?"

"साखर बंद. तळलेलं बंद. रोज चालायचं. फळं खायची."

"फळांत साखर असते ना?"

"असते. पण ती वेगळी."

"मग ती या कागदावर येत नाही?"

"येते."

"मग?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "खा, पण बेताने."

'बेताने' अशी पाटी इंडिकेटरने बावीस वर्षांत एकाही रस्त्यावर पाहिली नव्हती. तीस म्हणजे तीस आणि चाळीस म्हणजे चाळीस. बेताने म्हणजे किती, हे विचारायला तो पुन्हा आत गेला, तोवर डॉक्टरीणबाई पुढच्या माणसाची जीभ बघत होत्या.

घरी त्याची बायको, आई आणि मुलगी अशा तीन बायका होत्या, आणि तिघींची मिळून चार मतं होती, कारण मुलगी कॉलेजात आहारशास्त्र शिकत होती.

"फळं मिक्सरला फिरवून घेऊ," बायको म्हणाली. "घाईत चावत बसायला वेळ कुठे असतो तुम्हाला? घटाघटा प्यायचं की झालं."

"घटाघटाच प्यायचं नसतं, आई," मुलगी म्हणाली. "चावून खाल्लं की पोटाला कळतं आपण खाल्लं. प्यायलेलं कळत नाही. तीन फळं गिळतो आणि वर न्याहारी करतो."

"म्हणजे फिरवायचं नाही?" इंडिकेटरने विचारलं.

"तसं नाही. गाळलं तर चोथा जातो. नुसतं फिरवलं तर चोथा राहतो. आमच्या एक मॅडम म्हणतात, अजिबात नको. दुसऱ्या मॅडम म्हणतात, न्याहारीच्या जागी घेतलं तर उत्तम."

"आणि परीक्षेत काय लिहितेस?"

"पेपर कुणी काढलाय ते बघून लिहिते."

इंडिकेटरच्या आईने जपाची माळ ओढावी तशी शालीची दशी ओढत निकाल दिला, "माझे दात होते तोवर मी चावून खाल्लं. आता खरवडून खाते. दोन्ही वेळा जिवंतच आहे."

शेवटी मिक्सर बायकोच्या हातात होता, म्हणून मत तिचं चाललं. नवी बाटलीही आली, रुंद तोंडाची, अर्धा लिटरची.

आता इंडिकेटरची अडचण वेगळीच होती, आणि ती घरात सांगण्यासारखी नव्हती. त्याची प्रत्येक फेरी नव्वद मिनिटांची होती आणि वाटेत उतरायची सोय कुठेच नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एकदा, निघताना दोन कप चहा घेतल्यामुळे, त्याला बेचाळीस प्रवाशांसकट बस एका पेट्रोल पंपावर न्यावी लागली होती. प्रवाशांपैकी एकाने तक्रारीत 'मार्गात बदल' असं लिहिलं होतं. तेव्हापासून ड्यूटी संपेपर्यंत तो पाण्याचा थेंब घेत नसे. आणि इथे अर्धा लिटर!

पहिल्या दिवशी त्याने बाटली केबिनमध्ये ठेवली आणि तिच्याकडे पाहत गाडी पुसली. कंडक्टर तिकिटांचं यंत्र गळ्यात अडकवून आला. त्याला चिल्लर म्हणत, कारण ती त्याच्याकडे कधीच नसायची.

"हे काय रे? रंग देतोस का गाडीला?"

"फळं आहेत. बायकोने फिरवून दिलीत."

"देवमाणूस आहे रे तुझी बायको!" चिल्लरने आपला डबा उघडला. आत सफरचंदाच्या फोडी आणि पेरू, सालासकट, ओळीने लावलेले. "आमच्या हिला सांगून थकलो, बाई गं, माझ्या दाढा काढल्यात. कवळी बसेपर्यंत हे मी कशाने चावू, पंच करायच्या यंत्राने? तर म्हणते, फळ सबंधच खायचं असतं, रेडिओवर सांगितलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला पिता येत नव्हतं, दुसऱ्याला चावता येत नव्हतं. करार झाला नाही, चर्चा झाली नाही. चिल्लरने बाटली उचलली, इंडिकेटरने डबा. पहिली फेरी संपवून शेवटच्या थांब्यावर एकाने घटाघटा आणि दुसऱ्याने कचाकचा आपापली न्याहारी केली. चिल्लरने बाटली नळावर धुऊनही दिली.

संध्याकाळी बायकोने झाकण उघडून उजेडात धरलं. "सगळं संपवलंत?"

इंडिकेटर खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. त्याने क्षणभर विचार केला. "बाटली रिकामी आहे," तो म्हणाला.

हे वाक्य तो तीन महिन्यांत अठ्ठ्याहत्तर वेळा बोलला. सुट्टीच्या दिवशी मात्र सुटका नसे, तेव्हा तो घरीच, तिघींच्या देखत, सबंध ग्लास प्यायचा आणि दुपारपर्यंत सोफ्यावर पडून राहायचा. दर आठवड्याला त्या पेयाची चव वेगळी लागे. कधी हिरवट, कधी तपकिरी, कधी इतकं दाट की ग्लास उलटा केला तरी पेय विचार करत बसे. फळांचा मोसम बदलतोय, असं त्याला वाटायचं.

तीन महिने झाले आणि पुन्हा तपासणी आली. योगायोगाने चिल्लरचीही त्याच दिवशी होती, वर्षाची ठरलेली.

डॉक्टरीणबाईंनी आधी इंडिकेटरचा कागद पाहिला. सहा पूर्णांक पाच.

"वा! काय केलंत?"

"काय केलं म्हणजे?"

"म्हणजे जे काही केलंत, तेच करत राहा. अजिबात बदल करू नका. तीन महिन्यांनी परत बघू." त्यांनी सही केली, शिक्का मारला. बावीस वर्षांत इंडिकेटरला इतकी स्पष्ट सूचना कुणी दिली नव्हती, आणि ती पाळायची कशी हे त्याला कळेना. कारण जे केलं होतं ते एकट्याने केलेलंच नव्हतं.

मग चिल्लर आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या कागदावर सात पूर्णांक चार होतं.

"गेल्या वर्षी सहाच्याही खाली होता की रे माझा," तो म्हणाला. तो बाकावर बसला. थोडा वेळ समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत राहिला. "म्हणजे तुझी साखर मी प्यायलो, असं म्हणायचं का?"

"तू कँटीनमध्येही खात असशील."

"काही नाही! तुझ्या बाटलीने पोट असं गच्च भरायचं की कँटीनचं तळलेलं सुटलं. खरं तर उतरायला हवा होता आकडा."

"मग?"

"मग काय! मला विचारतोस? तू तीन महिने पेरू खाल्लेस, तू सांग." चिल्लर हसला, दाढा नसल्यामुळे आणखीच मोकळं. "बरं, मुदत आहे तीन महिने. नाहीतर खिडकी आहेच. तिथल्या कवळीवर माझा डोळा आहे, बसतेय का बघतो."

इंडिकेटरला हसू आलं नाही. खिडकी एक होती आणि गाडीवर माणसं दोन. त्याने डबा परत केला तर त्याचा आकडा चढणार, नाही केला तर चिल्लरचा. तो उठून पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या दारात उभा राहिला.

"फिरवलेली फळं वाईट असतात का?"

"कोण म्हणतं वाईट?"

"मग चांगली?"

"त्यात काय घालता, किती घेता, कशाच्या जागी घेता, यावर आहे ते."

"आणि कोण पितं, यावर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या चिल्लरकडे पाहिलं. "त्या पेयात नेमकं काय काय असतं, ते मला लिहून आणा," त्या म्हणाल्या. "सगळं. मापासकट."

घरी सणासारखं वातावरण होतं. सहा पूर्णांक पाचचा कागद बायकोने फ्रिजवर लावला. इंडिकेटरने खिशातून रिकामी ड्यूटी-स्लिप आणि पेन काढलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यात असतं तरी काय गं?"

"केळं, सफरचंद, द्राक्षं. दुसरं काय असणार?" बायको मोठ्याने म्हणाली. मग ओट्याच्या कोपऱ्यात त्याला ओढून हळू आवाजात म्हणाली, "आणि चार खजूर. घरात बोलू नका हं, पोरगी लेक्चर देईल. तुमचा चेहरा उतरला होता, मला बघवेना. पहाटे मी फळं भांड्यात टाकायची, खजूर खाली दडवायचे आणि अंघोळीला जायची. बघा, खजुरानेच झालं!"

त्याने स्लिपवर लिहिलं: खजूर, चार.

गॅलरीत मुलीने गाठलं. "बाबा, खरं सांगू? आई अंघोळीला गेली की मी अर्धं केळं काढून घ्यायची आणि पालक, जवसाची पूड घालायची. एकदा तर दोन मुठी ओटही घातले. आईला कळलं तर ती मिक्सरला हात लावू देणार नाही. पण आकडा उतरला ना? तो पालक आहे."

पालक, जवस, ओट.

आईने त्याला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. तिने उशीखालून मधाची बाटली काढून दाखवली, जणू घराण्याचा दागिना. "नुसत्या थंड फळांनी पोट गारठतं, बाळा. या दोघी निजल्या की मिक्सरशी मी जायची…"

"निजल्या की? पहाटे?"

"अरे, एक अंघोळीला, दुसरी परत अंथरुणात. ती पोर पालक टाकून पुन्हा झोपते, मला काय दिसत नाही? मग मी दोन मोठे चमचे मध आणि वाटीभर साय. वर झाकण. तुझी बायको येते, चष्मा न लावता बटण दाबते. आहे काय, नाही काय! मी होते म्हणून तू गाडीवर आहेस."

डेपोतसुद्धा तीन पाळ्या एवढ्या चोख बदलत नाहीत. इंडिकेटरने स्लिप उलटी केली, कारण पुढची बाजू भरली होती. अठ्ठ्याहत्तर सकाळी तीन माणसांनी आपापला जीव त्या भांड्यात ओतला होता, एकमेकींना न सांगता, आणि चिल्लर तो सगळा पिऊन बाटली नळावर धुऊन देत आला होता.

जेवताना तिघी समोर बसल्या. तिघींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता: आपल्यामुळे झालं, पण बोलायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या तीन बायका एकाच टेबलाशी बसल्या की बोलायचं कुणी? इंडिकेटरने घसा साफ केला. वळण यायच्या कितीतरी आधी त्याने इंडिकेटर दिला.

"मला एक सांगायचंय. मी ते प्यायलो नाही."

"आज?" बायकोने विचारलं.

"तीन महिने. सुट्ट्या सोडून."

मग त्याने पहिल्या फेरीपासून सगळं सांगितलं, पेट्रोल पंपासकट, आणि स्लिप टेबलावर ठेवून दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. खजुरापाशी मुलीने आपल्या आईकडे पाहिलं, पालकापाशी बायकोने मुलीकडे, आणि सायीपाशी दोघींनी म्हातारीकडे.

"बाप रे," मुलगी म्हणाली. "हे सगळं एका भांड्यात?"

"मग ते कंडक्टर," म्हातारीने घाबरत विचारलं, "बरे आहेत ना?"

"सात पूर्णांक चार."

"मी साय वाटीभरच घालायची," आई पुटपुटली. "वाटी लहान आहे."

बायकोने स्लिप आपल्याकडे ओढली. "तुम्ही रोज म्हणायचात, संपवलं."

"मी म्हणायचो, बाटली रिकामी आहे."

"हो का! केवढे सत्यवचनी!" ती म्हणाली. मग तिने ताटातला घास बोटांनी गोळा केला, पुन्हा पसरला. "आणि तिकडे दुसऱ्या बाईने चिरलेली फळं खात होतात. तीन महिने."

"कंडक्टरची बायको आहे ती."

"ते मला माहितीये. सोलून चिरायची की सालासकट?"

"सालासकट."

"हं." जणू या एका शब्दात नव्वद दिवसांचा निकाल होता. "आम्ही मात्र सोलत बसलो."

"पण बाबा, यावरून सिद्ध काहीच होत नाही," मुलगी एकदम सरसावून म्हणाली. "नुसतं फळ फिरवलं असतं तर काय झालं असतं, ते कळलंच नाही. मध कुणाचा, खजूर कुणाचे, फिरवण्याचा दोष किती, सगळी सरमिसळ. शिवाय तुम्ही रोज चालतही होतात. आणि त्या काकांचं वर्षभरात आणखी काय काय झालं असेल."

"मग फिरवायचं की नाही?"

"मॅडमना विचारते."

"कुठल्या?"



दुसऱ्या दिवशी पहाटे तिघी एकाच वेळी मिक्सरभोवती उभ्या होत्या. अंघोळीला कुणीच जाईना. भांड्यात कंडक्टरसाठी अर्धं केळं आणि एक सफरचंद पडलं होतं. तिघींचे हात पदराआड, ओढणीआड, शालीआड होते आणि प्रत्येकीची नजर बाकी दोघींच्या हातांवर होती.

"दाबू का बटण?" बायकोने विचारलं.

"थोडंच फिरव, आई. तुकडे राहू देत."

"तुकडे राहिले तर ते गिळतील कसे? दाढा नाहीत त्यांना."

"मग पूर्ण फिरव. पण पेलाभरच द्यायचं. बाटली नको."

"पेलाभराने त्यांची भूक भागेल? परत कँटीनला जातील तळलेलं खायला."

असं करता करता साडेपाच वाजले. इंडिकेटर दारात बूट घालून उभा होता. मिक्सर मुकाच होता. अखेर म्हातारीने पुढे होऊन सफरचंद उचललं, दोन भाग केले, केळं एका डब्यात काट्याने जाडसर कुस्करलं आणि शेजारी अर्धं सफरचंद आणि एक चमचा ठेवला. "त्यांना म्हणावं, हळूहळू खरवडून खा. मी तशीच खाते. दुसरं काही घातलेलं नाही." मग दोघींकडे वळून, "बघा, झाकण मी लावतेय. तुमच्या देखत."

बायकोने दुसरा डबा त्याच्या हातात दिला. पेरू. सालासकट. तिने फोडी ओळीने लावल्या होत्या, चिल्लरच्या बायकोपेक्षा एक ओळ जास्त.

डेपोत चिल्लरने डबा उघडला आणि नाकाशी नेला. त्याने स्वतःच्या बायकोचा डबाही बरोबर आणला होता, सवयीने.

"हे काय? प्यायचं की खायचं?"

"दोन्ही नाही," इंडिकेटर म्हणाला. "खरवडायचं."

"त्याने उतरेल?"

"माहीत नाही."

"घरचे काय म्हणतात?"

"तिघी आहेत. चार मतं होती, आता पाच झाली."

चिल्लरने चमचा हातात धरून उलटसुलट पाहिला. मग आपला डबा इंडिकेटरपुढे सरकवला. इंडिकेटरकडे आता पेरूचे दोन डबे झाले. डॉक्टरीणबाईंनी 'अजिबात बदल करू नका' असं बजावलं होतं. त्यांच्या हिशोबात दोन डबे बसतात की नाही, कोण जाणे. बेताने म्हणजे एक डबा, की दीड?

"चल, वेळ झाली," चिल्लर म्हणाला आणि मागे जाऊन त्याने दोनदा घंटी वाजवली.

इंडिकेटरने गाडी सुरू केली. डेपोच्या फाटकातून बाहेर पडताना बावीस वर्षं त्याची बस डावीकडेच वळत आली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने सवयीने हात इंडिकेटरच्या दांड्यावर ठेवला, आणि तो तसाच ठेवून तो थोडा वेळ समोर बघत राहिला.

"काय रे?" मागून चिल्लर ओरडला, तोंडात चमचा धरून. "विसरलास का रस्ता?"

"नाही," तो म्हणाला. "रस्ता आठवतोय. पाटी दिसत नाही."